अर्जुनरावांच्या विहिरीतले ऋषी

“ढेकूळ कोणी आणलं, माउली?”

“म्या आनलं, महाराज.”

“विहिरीत कोण उतरलं?”

“आमचे हे उतरले.”

“मग या मंडळींना सांग, महाराजांनी या ढेकळाला बोट तरी लावलं का?”

“नाई लावलं!” बाईच्या आधी मंडपच ओरडला.

अर्जुनरावांच्या मळ्यात विहिरीला लागून ताडपत्रीचा मंडप घातला होता आणि कापूस वेचायचा सोडून अर्धं गाव त्यात येऊन बसलं होतं. धामणगाव बढेहून, मोताळ्याहून जीपा भरून माणसं आली होती. जवळजवळ प्रत्येक बाईच्या मांडीवर एक लेकरू होतं. कुणी रडत होतं, कुणी पेंगत होतं, कुणाची हागवण थांबत नव्हती. मंडपात धूप, घाम आणि ओल्या लंगोटांचा वास कोंडला होता.

व्यासपीठावरच्या गृहस्थांचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. लोक त्यांना बत्तीशीबाबा म्हणत. रेशमी कफनी, रंगवलेली दाढी आणि हसले की दिसणारा सोन्याचा दात. त्यांनी हात पुढे केला. यजमानीण अन्नपूर्णाबाई विभूतीची वाटी धरून बाजूलाच उभ्या होत्या. वाटीतली मूठभर विभूती बाबांनी ढेकळावर उधळली. चेल्याने ते ढेकूळ मलमलीच्या फडक्यात बांधलं, परातीतल्या पाण्यात धरलं आणि हळूहळू घोळवायला सुरुवात केली. माती विरघळली, पाणी गढूळ झालं. फडकं उघडलं तर आत चिमूटभर वाळू, आणि त्या वाळूत तिळाएवढे, तपकिरी, चकाकणारे दात.

मंडपातून एकच हुंकार उठला. पुढच्या बायांनी जमिनीला डोकं टेकलं.

“पुराणात काय लिहिलंय?” बाबांचा आवाज चढला. “वालखिल्य ऋषी! अंगठ्याएवढे! साठ हजार! प्रत्येकाचे बत्तीस दात धरा आणि करा हिशेब! अहो, अमेरिकेत मशिनी लावून शोधतात, त्यांना एक सापडत नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ढेकळागणिक सापडतो! वर काळा पाषाण, खाली काळा पाषाण, मध्ये ऋषी समाधीत. दातात कॅल्शियम, कॅल्शियममध्ये ऊर्जा, ऊर्जेत अणू, अणूत ब्रह्म! हे विज्ञान आहे, विज्ञान!”

मंडपाच्या मागच्या खांबाशी समता उभी होती. खांद्यावरची पिशवीसुद्धा तिने अजून खाली ठेवली नव्हती. मलमलीचं फडकं, ती परात, फडकं पाण्यात घोळवायची ती मनगटाची लकब, सगळं तिचं होतं. या नालायकाने तिचं काम जसंच्या तसं उचलून त्याचा तमाशा केला होता.

समता डोणगावच्या एका शाळामास्तरांची मुलगी. विद्यापीठात संशोधन करायची. तीन वर्षांपूर्वी अर्जुनरावांनी विहीर खोदायला घेतली तेव्हा काळ्या खडकाखाली हिरवट, मऊ मातीचा एक पट्टा लागला आणि त्याखाली पुन्हा काळा खडक. विहीर खोदणाऱ्यांना त्यात नवल वाटलं नाही. समताला ऐकूनच झोप लागली नव्हती. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख लाव्हारसाने भरून निघाला. एक थर ओतून थंड झाला आणि दुसरा येईपर्यंत मधल्या शांत काळात इथे तळं साचलं. त्या तळ्यात मासे होते, काठी बेडूक होते, आणि पाणी प्यायला येत होते चिचुंद्रीएवढे छोटे सस्तन प्राणी. तेच आपले दूरचे नातेवाईक. त्यांची हाडं विरून जातात. टिकतो तो दात.

म्हणून तिने पोतीच्या पोती माती अन्नपूर्णाबाईंच्या अंगणात वाळवली, भिजवली, फडक्यातून धुतली. उरलेली वाळू सूक्ष्मदर्शकाखाली कणाकणाने पाहिली. माशांचे दात निघत, बेडकांची हाडं निघत. सस्तन प्राण्याचा दात निघेना. मग एका दुपारी तो निघाला. एकच. खालच्या जबड्यातली दाढ. पुढच्या अर्ध्या भागावर त्रिकोणात तीन उंच टोकं, मागच्या अर्ध्यात खोलगट वाटी. वरच्या दाढेचं टोक त्या वाटीत येऊन पडायचं आणि किडा चिरडला जायचा, मुसळ उखळात पडावं तसं. समता तिथेच रडायला लागली होती. अन्नपूर्णाबाई घाबरून धावत आल्या, त्यांनीही भिंगातून पाहिलं, आणि पोर रडतेय म्हणजे काहीतरी मोठंच असणार म्हणून हात जोडले. समता हसली होती. शेजारणींनीही मग येऊन हात जोडले. गोष्ट तिथून जी सुटली ती बाबांच्या कानापर्यंत पोचली.

पण त्या दाढेची टोकं झिजलेली होती. प्राणी ओळखायचा तो टोकांच्या संख्येवरून, त्यांच्या उंचीवरून, त्यांच्यामधल्या धारांवरून. ही दाढ आधी सापडलेल्या एखाद्या प्रजातीची आहे की कोणी कधी न पाहिलेल्या नव्या प्रजातीची, हे तेवढ्यावरून ठरत नव्हतं. वरची दाढ हवी होती. निदान खालचीच आणखी एक, न झिजलेली. मार्गदर्शक म्हणत, थांब. ती थांबली होती.

आणि इथे एका ढेकळातून चिमूटभर निघाले होते.

खोटं कशाला सांगा, क्षणभर समता राग विसरली. खरंच असले तर? आपल्या नजरेतून सुटलेला एखादा थर यांना लागला असला तर? तेवढ्यापुरती तीही त्या गर्दीतली एक झाली. ती माणसं सारत पुढे गेली आणि म्हणाली, “महाराज, मला एक पाहू द्या.”

बाबांनी तिला ओळखलं. सोन्याचा दात दिसला.

“या बाई, या! मंडळी, या त्याच विदुषी. तीन वर्षं चिखल धुतला, एक दात मिळाला. त्याला नाव तरी ठेवलंत का हो बाई?”

“नाही. अजून ठरलं नाही.”

“ठरलं नाही!” बाबांनी मंडपाकडे हात पसरले. मंडप खदखदून हसला. “मशीन आहे, पदवी आहे, नाव नाही! आम्ही डोळे मिटून सांगतो, वालखिल्य! बाई, हे दात पाहायचे नसतात. आजारी लेकराच्या गळ्यातच शोभतात.”

अर्जुनराव गळ्यातला हार सावरत पुढे आले. “समताबाई, पाहुणे आले तं प्रसाद घ्या अन् घरी बसा. इथं मधी-मधी नोका करू.”

घरी ती गेली, आणि घरात पाऊल टाकताच तिच्या डोक्यातली नवी-जुनी प्रजाती पार उडून गेली.

अन्नपूर्णाबाईंची लेक अर्पिता माहेरी आलेली होती. तिच्या मांडीवर आठ महिन्यांची पुष्पांजली पडली होती. पडली होती हेच खरं, कारण धरलेल्या लेकरासारखं तिच्यात काही उरलं नव्हतं. डोळे खोल गेलेले. ओठ सुकलेले. ती रडत होती, पण आवाज निघत नव्हता आणि डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. समताने पोटावरची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

“कधीपासून जुलाब होतात गं हिला?”

“दात येऊन राह्यले ना ताई. सारखंच चालू हाय.”

“डॉक्टर?”

अर्पिताने मान खाली घातली. “नाई. महाराजांनी बंद सांगतलं. डॉक्टरचं औषध नाई, मीठ नाई, साखर नाई. नुसतं दंततीर्थ, ते दात धुतलेलं पानी. खालचे दात येईपर्यंत.”

“खालचे?”

“हिले वरचे आले ना आधी.”

बाळाचा पहिला दात वरच्या हिरडीत आला तर तो मामाला जड, ही समजूत या भागात घरोघर आहे. कोणी ती हसून सोडून देतं, कोणी मामाच्या हातून काहीबाही दान करवतं, आणि विषय मिटतो. बत्तीशीबाबांनी तो मिटू दिला नव्हता. वरच्या दाताने मामा जातो, ऋषीचा खालचा दात गळ्यात बांधला तर वाचतो, आणि मध्येच औषध देऊन तीर्थ मोडलं तर मामाला पाणीसुद्धा मागायला वेळ मिळत नाही, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

मामा दारात उभा होता. हर्षल. पंचविशीचा, दंडात बळ असलेला, मोटारसायकल फिरवणारा गडी. त्याचा चेहरा पांढरा पडलेला होता आणि तो भाचीकडे पाहत नव्हता.

“हर्षल, गाडी काढ. हिला आत्ता दवाखान्यात न्यायचं.”

तो हलला नाही.

“अर्पिता, पोर मरते आहे तुझी!”

“मले दिसत नाई काय ताई?” अर्पिताचा बांध फुटला. “पण मले एकच भाऊ हाय. माह्यानं काई झालं त्याले तं मायले काय तोंड दाखवू? तुम्हीच सांगा, कोणाले धरू अन् कोणाले सोडू?”

समताला किळस आली. त्या पोरीची नव्हे. ज्याने या पोरीच्या एका हातात लेकरू आणि दुसऱ्या हातात भाऊ देऊन तिला निवडायला बसवलं, त्याची. आणि थोडी त्या दारातल्या पुतळ्याचीही.

पुष्पांजलीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात कापडाची इवलीशी पुडी होती, लाळेने भिजलेली. समताने ती उसवली, आतला दात तळहातावर घेतला आणि गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. एक नजर पुरली. टोकं होती, पण त्रिकोणात नव्हती. आडव्या ओळींमध्ये होती, वाकलेली, एकीमागे एक. खालचा तर नव्हताच, वरचा होता. खाली पाच मुळं, आणि दोन मुळांच्या बेचक्यात अडकलेला एक करडा केस.

ती उठली आणि मोरीवर जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले.

“उंदराची दाढ आहे,” ती परत येऊन म्हणाली. “आजच्या, घरात फिरणाऱ्या उंदराची. त्या मातीच्या काळात उंदीर पृथ्वीवर जन्मालाच आले नव्हते. आणि त्या मातीतल्या दाताला केस? सहा कोटी वर्षं केस टिकतो होय?”

“तुमीच तं सांगतलं होतं ताई, या विहिरीत दात हायेत म्हणून,” अर्पिता म्हणाली. “तुमचा खरा, अन् महाराजांचा खोटा?”

समताकडे शब्द होते, आणि शब्द तर बाबांकडे तिच्याहून जास्त होते. दाखवावं लागणार होतं, आणि पोरीजवळ वेळ नव्हता.

एवढे उंदराचे दात आणणार कुठून? पिंजरे लावून तर नाही. समता स्वतः दात ओळखायला शिकली होती ती घुबडाच्या गोळ्या फोडून. घुबड उंदीर आख्खा गिळतं. मांस पचतं. केस, हाडं आणि दात पचत नाहीत. त्यांची ओली गोळी करून ते ओकून टाकतं, रोज, बसायच्या एकाच जागेखाली. शिकणाऱ्यांसाठी ती खाणच असते.

“इथे घुबडं कुठे बसतात?”

“नाव नोका घेऊ ताई लेकराजवळ,” अर्पिता दचकली.

उत्तर हर्षलने दिलं, दारातूनच. “जुन्या जिनिंगमधी. बंद हाय ते. महाराजांचा मुक्काम बी तिथंच हाय.”

“चल माझ्यासोबत.”

“मी?”

“तुझ्याच जिवाचा प्रश्न आहे ना? मग ये आणि पाहा तुझा जीव कशावर टांगलाय ते.”

जिनिंगच्या पडक्या गोदामात वर्षानुवर्षांची सरकी कुजत होती. धूळ घोट्यापर्यंत. कोळ्यांची जाळी तोंडाला चिकटत होती. पण एका कोपऱ्यात, जिथे वर तुळईवर दोन पांढऱ्या तोंडाची घुबडं शेजारीशेजारी झोपली होती आणि भिंतीवर त्यांच्या शिटेचे ओघळ होते, तिथली फरशी झाडून लख्ख केलेली होती. समता तिथेच थांबली. जिथे सगळ्यात जास्त घाण असायला हवी, तिथेच कोणीतरी रोज केरसुणी फिरवत होतं.

पलीकडे आडोशाला पोतं होतं. त्यात काळसर, केसाळ गोळ्या, अंगठ्याएवढ्या. शेजारी डबा. डब्यात काताचं लाल-तपकिरी पाणी आणि त्यात रंग पिऊन मुरत पडलेल्या दाढा. त्याच्या बाजूला राखेचं घमेलं, राखेत कालवलेल्या तयार दाढा. आणि भिंतीशी फेकलेल्या पटाशीच्या दातांचा ढीग, लांब, वाकडे, पिवळे-नारिंगी.

“हे का फेकून दिले असतील?” समताने विचारलं.

हर्षलने एक उचलला. शेतकऱ्याचं पोर ते. धान्याची पोती कुरतडणारे हे दात त्याने जन्मापासून पाहिले होते. “हे तं कोणी बी वळखन,” तो म्हणाला. “उंदराचे हायेत.”

“म्हणून फेकले. दाढ कोणी ओळखत नाही, म्हणून ठेवल्या.”

त्याने डबा हलवून आतल्या दाढा पाहिल्या. मग त्याच्या लक्षात आलं की गेले कित्येक दिवस भाचीबरोबर तोही रोज सकाळी एक पेला दंततीर्थ पीत होता. तो भिंतीशी वाकला आणि भडाभडा ओकला.

“चाल ताई,” तोंड पुसत तो म्हणाला. “आधी पोरीले उचलू.”

पण घर रिकामं होतं. तीर्थाची वेळ झाली म्हणून अर्जुनरावांनी नातीला मंडपात नेलं होतं. अर्पिता पहिल्या ओळीत बसली होती, पोर मांडीवर. चेला नवं ढेकूळ मलमलीत बांधायला घेत होता. अन्नपूर्णाबाई वाटी घेऊन उभ्या होत्या.

समता सरळ व्यासपीठावर चढली.

“महाराज, हे ढेकूळ विभूतीशिवाय धुवा.”

“विभूतीशिवाय?” बाबा हसले. “विभूतीशिवाय धरणी जागी होत नाही, बाई. बॅटरीशिवाय तुमचा मोबाइल चालतो का?”

लोक हसले. कोणीतरी शिट्टी मारली.

“बरं. मग ढेकळाशिवाय विभूती धुवा.”

बाबांचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळे हलले. चेल्याने हातातलं फडकं मागे घेतलं.

“मावशी,” समता अन्नपूर्णाबाईंकडे वळली, “वाटी तुमच्याच हातात आहे. माती नको, ढेकूळ नको. फडक्यावर नुसती विभूती ओता आणि पाणी घाला. ऋषी विहिरीत असतील तर फडक्यात काहीच राहणार नाही.”

“खबरदार!” बाबा गरजले. “विभूतीला कोरडं पाणी लागलं की मामाचा घात! याच क्षणी!”

“कोरडं पानी?” मागून एक म्हातारा पुटपुटला.

अन्नपूर्णाबाईंनी वाटी छातीशी धरली. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. अर्जुनराव मानेनेच नको म्हणत होते. मग हर्षल पुढे आला. त्याचा आवाज फाटलेला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

“ओत माय. मामा मीच हाव ना? मी मेलो तं मेलो. ते पोट्टी मरून राह्यली अन् म्या माह्या जिवासाठी तिच्याआड लपलो. लाज वाटते मले. ओत तू.”

अन्नपूर्णाबाईंनी चेल्याच्या हातातून फडकं हिसकलं, परातीवर पसरलं आणि वाटी उपडी केली. वर तांब्याभर पाणी ओतलं. राख वाहून गेली. फडक्यावर तपकिरी दाढा राहिल्या, भरपूर, एका ढेकळात निघायच्या त्याहून कितीतरी जास्त.

सगळे हर्षलकडे वळले. हर्षल उभा होता. त्याला काही झालं नव्हतं.

समताने पिशवीतून जिनिंगमधून आणलेली घुबडाची एक गोळी काढली आणि परातीतल्या पाण्यात टाकली. गोळी भिजली, सुटली, करड्या केसांचा लगदा वर तरंगला. तिने चिमट्याने त्यातून कवटी उचलून उंच धरली. पुढे ते लांब, वाकडे, पिवळे पटाशीचे दात.

“हे काय आहे, सांगा.”

“उंदीर!” बायांमधून आवाज आला.

तिने त्याच कवटीतली दाढ काढली आणि फडक्यावरच्या दाढांशेजारी ठेवली. अन्नपूर्णाबाईंना भिंग दिलं. त्या वाकल्या, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

“रंगच तेवढा निराळा हाय,” त्या हळूच म्हणाल्या.

“रंग काताचा. ही गोळी घुबडाने ओकून टाकलेली आहे. जिनिंगमध्ये पोतंभर पडल्यात, जाऊन पाहा. महाराज सकाळी झाडून गोळा करतात, दाढा रंगवतात, राखेत कालवतात. तुम्ही लेकरांच्या गळ्यात बांधलं ते हे. आणि पाजलं तेही हेच पाणी.”

“अज्ञान!” बाबा ओरडले. “दिसायला उंदराचा, पण तत्त्वाने ऋषीचा!”

समताने फडक्यावरची एक दाढ उचलून धुपाटण्यातल्या निखाऱ्यावर टाकली. क्षणात जळक्या केसांचा, जळक्या नखांचा वास सुटला. मग तिने डबीतून आपला एक तुकडा काढून दुसऱ्या निखाऱ्यावर ठेवला. “हा याच विहिरीतल्या माशाचा दात. खडकात राहून याचा कधीच दगड झालाय. वास येतो का पाहा.” तो नुसता तापला. पुढे बसलेल्यांनी नाक जवळ नेऊन पाहिलं.

मग मंडपात जे सुरू झालं त्याचं वर्णन नको. ज्यांनी ज्यांनी तीर्थ घेतलं होतं ते थुंकत मंडपाबाहेर धावले. बाया लेकरांच्या गळ्यातले दोरे दाताने तोडायला लागल्या. या गडबडीत बाबा आणि चेला व्यासपीठामागून उतरून मोटारसायकलवर बसले. त्यांना अडवायला धावले ते चारपाचच. आणि संताप आणणारी गोष्ट ही की, धुरळ्यातून त्यांच्यामागे पळणाऱ्यांत एक बाप असाही होता जो ओरडत होता, “महाराज, माह्या पोराची पुडी तेवढी देऊन जा!” अर्जुनराव हार काढून हातात घेऊन उभे होते, पण म्हणाले एवढंच, “काई का असेना, काई लोकायले गुण आला होता.” जुलाब काही लेकरांचे आपोआपही थांबतात. जी थांबली ती बाबांच्या खात्यावर, जी नाही थांबली ती आईबापांच्या पापावर. हा धंदा असाच चालतो.

समता त्यातलं काही पाहायला थांबली नाही. हर्षलने जीप मिळवली होती. अर्पिताच्या मांडीवर पोरीची मान एका बाजूला कलली होती.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना शीर सापडेना. हातात नाही, पायात नाही. शेवटी डोक्यावर सापडली. त्या अर्पितावर ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. “दात येताना पोर काहीही तोंडात घालतं, त्याने जुलाब लागतात,” त्या म्हणाल्या. “अंगातलं पाणी आणि मीठ जातं. तेच भरून द्यायचं असतं. तुम्ही तेच बंद केलंत. आणखी उशीर झाला असता तर मी काही करू शकले नसते.”

सलाईन थेंब थेंब उतरत राहिलं. हर्षल खाटेच्या पायाशी भिंतीला टेकून बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पांजली रडली. आवाज काढून, आणि गालावर पाणी आणून. ते पाणी पाहून अर्पिता पोरीहून मोठ्याने रडली.

अन्नपूर्णाबाई समताजवळ येऊन बसल्या.

“समता, तुह्या त्या दाताचं काय झालं व? त्याले नाव काय?”

“अजून माहीत नाही, मावशी. दुसरा सापडेपर्यंत सांगता येणार नाही. सापडेलच असंही नाही.”

“अन् तो हलकट डोळे मिटून सांगे,” त्या म्हणाल्या. “तवाच समजाले पायजे होतं मले.”

शेजारच्या खाटेवर दुसऱ्या गावची एक बाई जुलाब लागलेल्या पोराला घेऊन बसली होती. पोराच्या मनगटाला सलाईन होतं आणि गळ्यात काळा दोरा, दोऱ्यात पुडी. तिने अन्नपूर्णाबाईंना पाहताच ओळखलं आणि हात जोडले. “तुमच्याच विहिरीचा हाय, माय. दवाखाना बी चालू हाय अन् हे बी राहू दिलं. काय जाते?”

अन्नपूर्णाबाई उठून तिच्यापाशी गेल्या.

“हा दात कोनाचा हाय, इचारलं होतं काय तू?”

“नाई बा. महाराजांले कसं इचारा?”

“म्या बी नाई इचारलं. माही नात डोयापुढं मरून राह्यली होती, अन् म्या तिच्याच इखाची वाटी हातात धरून उभी होती. मानानं उभी होती बाई, मानानं! राख धुवाले सांगतली तवा तो भेला, अन् ओरडला. खऱ्याले कायचं भेव? लेकराच्या गळ्यात बांधाच्या आधी, पोटात घालाच्या आधी, इचारत जाय. हे काय हाय, कोठून आनलं, दाखव म्हणाव धुऊन. जो दाखवन त्याचं आयक. जो इचारल्यावर शाप देते, तो कोनी बी असो, त्याच्यापासून पोर उचल अन् पय.”

बाईने पुडी पोराच्या गळ्यापासून दूर धरली. मग तिने नर्सकडून कात्री मागून दोरा कापला, पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली, साबणाने हात धुतले आणि पोराला मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजायला घेतलं.